उल्काचा मांडव

२०१८चा उन्हाळा नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये अजून कुणी विसरलेलं नाही. गवत वाळून पिवळं पडलं, झाडांनी ऑगस्टमध्येच पानं टाकली आणि उल्काच्या वेलाला पहिल्यांदाच दुधी धरले.

आधीची तीन वर्षं तिने बी लावून पाहिलं होतं. खिडकीत रोपं छान व्हायची, पण बाहेर लावली की जूनच्या गारठ्यात माना टाकायची. तिचा नवरा शशिकांत चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर. तो म्हणायचा, "अगं, सुपरमार्केटात कुर्जेट मिळतं की, दुधीसारखंच दिसतं! काय फरक पडतो?" उल्का पुढच्या वर्षी पुन्हा बी लावायची.

ती स्वतः सिव्हिल इंजिनिअर. सांगलीत असताना साइटवर तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायचा. इथे आल्यावर मात्र कागदोपत्री ती शशिकांतची बायको, एवढंच उरलं. गावाबाहेर सायकलच्या रस्त्यालगत एक बागसंघ होता. भाजी लावायला सभासदांना जमिनीचे तुकडे भाड्याने द्यायचा. त्यातला एक तुकडा तिने हट्टाने स्वतःच्या नावावर घेतला होता.

त्या वर्षी तिने डोक्याच्या वर जाईल असा, जवळजवळ अडीच मीटर उंच बांबूचा मांडव घातला आणि त्यावर जाळी ताणली. पाऊस नव्हताच, म्हणून रोज झारीने पाणी घातलं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, आणि त्या वेळी इथे एकही किडा फिरकत नव्हता. मग नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर ती स्वतः घासायची. सप्टेंबर लागला तेव्हा मांडवाखाली लव असलेले, हिरवेगार, कोवळे दुधी लोंबत होते.

आणि त्याच आठवड्यात संघाचा अध्यक्ष खेरिट पाहणीला आला. उंच, निवृत्त, नीटनेटका माणूस. मांडवाकडे पाहून त्याने इंग्रजीत सुरुवात केली.

"डच बोला," उल्का म्हणाली. "मला समजतं."

खेरिट डचमध्ये म्हणाला, "हे पाडावं लागेल. दोन मीटरच्या वर काही उभं करायचं नाही. पुढच्या शनिवारपर्यंत."

"दुधी आत्ता कुठे लागलेत. वेल कापला तर सगळं गेलं."

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

उल्काने अवजारांच्या खोक्यातून मेजरिंग टेप काढली, वाट ओलांडून थेट खेरिटच्या जागेत गेली आणि त्याच्या घेवड्याच्या बांबूला टेप लावली. "दोन मीटर तीस."

"तो घेवडा आहे. सगळेच लावतात. ते आम्ही मोजत नाही."

"मग दुधी का मोजता?"

खेरिटचे कान लाल झाले. "पाडला नाहीत, तर तुमच्या सभासदत्वाचा प्रश्न सभेपुढे जाईल."

"जाऊ दे. मी येते सभेला."

घरी शशिकांतने डोक्याला हात लावला. "एका भाजीपायी भांडण? आपण इथे बाहेरचे, उल्का. उगाच नजरेत कशाला यायचं?"

"नऊ वर्षं झाली, शशी. अजून किती वर्षं बाहेरचे?"

"हाकलतील तुला."

"हाकलू देत. पण मी स्वतःच्या हाताने पाडणार नाही."

शनिवारी खेरिट समितीतल्या दोघांना घेऊन आला. एकाच्या हातात करवत होती. उल्का मांडवाखाली तण काढत होती, ती उठून वाटेवर येऊन उभी राहिली. आवाज साइटवरचाच निघाला. "जागेचं भाडं मी भरते. आत यायचं तर मला विचारून. आणि मी नाही म्हणते."

करवतवाल्याने खेरिटकडे पाहिलं. खेरिटने जमिनीकडे पाहिलं. मग तिघंही परत गेले.

सभा संघाच्या लाकडी खोलीत होती. उल्का उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं, शेवटच्या खुर्चीत कोटसुद्धा न काढता शशिकांत बसलाय. येणार नाही म्हणून सांगितलं होतं त्याने.

ती डचमध्ये बोलली. एक शब्द चुकला, मागे कुणीतरी हसलं. हसणं थांबल्यावर तो शब्द नीट म्हणून ती पुढे गेली.

"मला काढायचं तर काढा. पण मोजायचं असेल तर उद्या सकाळी सगळ्यांचं मोजा. टेप मी आणते. घेवड्याला एक आणि दुधीला दुसरा, याला नियम नाही म्हणत. ही तुमची सवय आहे."

खोलीत कुजबुज झाली. निम्म्या लोकांचा घेवडा दोन मीटरच्या वर होता, आणि ते त्यांना आत्ताच आठवलेलं दिसत होतं. एका म्हाताऱ्या बाईंनी सुचवलं, वेलांच्या आधाराला, मग तो कुठलाही वेल असो, अडीच मीटरची सूट द्यावी. हात वर झाले. खेरिटने सगळ्यात शेवटी केला, पण केला. "नियम बदलला," तो कोरडेपणाने म्हणाला, "आता तो सगळ्यांना सारखा आहे."

पुढचा विषय समितीतल्या रिकाम्या जागेचा. दरवर्षीप्रमाणे सगळे आपापल्या कॉफीत डोकावायला लागले.

उल्काने हात वर केला.

"तुम्ही?" खेरिटने विचारलं.

"का? नियमात बसत नाही?"

या वेळी जे हसू उठलं, त्यात खेरिटही होता. दुसरं कुणी उभंच नव्हतं, त्यामुळे ती निवडून आली.

बाहेर सायकलचं कुलूप काढताना शशिकांत म्हणाला, "म्हणजे आता दर महिन्याला तुझी मीटिंग."

"हो. आणि त्या दिवशी स्वयंपाक तुझ्याकडे," उल्का म्हणाली, आणि त्याची वाट न बघता पुढे निघाली.