घरी राहणारा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. घडीचा नव्हे, भिंतीवरचा. घडीचे नकाशे पिशवीत बसून हिंडतात, भिजतात, फाटतात, आणि फाटता फाटताही थोडा डोंगर बघून घेतात. माझ्या नशिबी ते नव्हतं. मी जन्मभर एका शिंप्याच्या खोलीत, शिवणयंत्रामागच्या भिंतीवर, फळीला चार टाचण्यांनी अडकून राहिलो. माझ्या अंगावर या मुलखातले सगळे डोंगर आहेत, पण मी त्यांतला एकही पाहिलेला नाही.

मित्रांनो, भूगोलाच्या तासाला तुम्ही समोच्च रेषा शिकला असाल आणि जांभयाही दिल्या असतील. त्या तपकिरी रेषा म्हणजे माझं सर्वस्व. त्या जिथे लांब लांब असतात तिथे सायकल आरामात चालते, आणि जिथे एकमेकींना चिकटतात तिथे ती खांद्यावर घ्यावी लागते. छापखान्यात या रेषा माझ्यावर उमटल्या, वर निळ्या शाईने ओढे आले, हिरव्याने रान आलं. माझ्या मागोमाग त्याच यंत्रातून माझा जुळा भाऊ बाहेर पडला. आम्हा दोघांत तिळाचाही फरक नव्हता.

आम्हाला विकत घेतलं ते एका टेलर मास्तरांनी. दुकानदार म्हणाला, "अहो, दोन्ही एकच आहेत. दोन कशाला नेताय?"

मास्तर म्हणाले, "एक जायला, एक राहायला."

जायचा मान माझा, असं मी धरूनच चाललो होतो. पण घरी आल्यावर मास्तरांच्या बायकोने आम्हा दोघांना खिडकीपाशी नेऊन बघितलं आणि माझ्यावर बोट ठेवलं. "हा घरी राहू दे. याची शाई ठसठशीत आहे. मला चष्म्याशिवाय दिसेल." झालं. भावाचे आठ तुकडे केले, ते मलमलीवर चिकटवले, वरून मेण फासलं आणि तो रविवारी डोंगरात गेला. मी भिंतीवर गेलो. इस्त्रीची वाफ खात पहिली दोन वर्षं तरी मी फुगून बसलो होतो, हे कबूल करतो.

मास्तर आठवडाभर कपडे बेतत आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या लांब लांब फेऱ्या बेतत. त्यांची पद्धत दोन्हीकडे एकच होती. आधी टाचण्या टोचून रस्त्याची वळणं धरायची. मग टाचण्यांमधून लाल धागा फिरवायचा, तो काढून ताणायचा आणि मापावर धरायचा. सपाटीला तासाला बारा किलोमीटर, चढाला पाच, सायकल उचलून न्यायची असेल तर दोन. ओढ्यांवर निळ्या डोक्याच्या टाचण्या, आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'उन्हाळ्यात आटतो' किंवा 'गाळून प्यावे'. सगळे तास मिळवून झाले की त्यात चौथा हिस्सा वाढवायचे. शिवणीसाठी कापड जास्त सोडतात ना, शिंपी त्याला माया म्हणतात. मास्तर वेळेलाही माया सोडत. पंक्चर, तुटलेली साखळी, समोरचा वारा, सगळं त्यात बसायचं. ओळखीतले सायकलवाले म्हणायचे की मास्तरांनी बेतलेली फेरी कधी अंगाला आवळत नाही. त्यासाठी ते चार चार गल्ल्या ओलांडून माझ्यापुढे येऊन उभे राहत, आणि मला ते आवडायचं.

घरचा नियम मात्र बायकोचा होता. निघण्याआधी मास्तरांनी तिला माझ्यासमोर उभं करून तीन गोष्टी सांगायच्या. कुठून जाणार, कुठून किती वाजता काहीही झालं तरी मागे फिरणार, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर वनचौकीला फोन करायचा. एकदा मास्तरांनी वाटेत बेत बदलला आणि दुसऱ्याच खिंडीतून उतरून हसत हसत घरी आले. तिने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. आधी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मी दिवसभर या ओढ्याकडे बघत बसले होते. तुम्ही तिथे नव्हताच?" त्यानंतर त्यांनी तसं कधीच केलं नाही. ती स्टुलावर बसून काज-बटणं करायची आणि मधूनच मान वर करून लाल धाग्यावर नजर फिरवायची. आत्ता इथे असतील, आता इथे. मी तिचा लाडका होतो असं नाही, पण तिला माझी गरज होती. तेव्हापासून मी भावाचा हेवा करायचं सोडलं.

पुढे ती आजारी पडली आणि गेली. त्याच वर्षी मास्तरांच्या गुडघ्याने हात टेकले. सायकल छताला टांगली गेली. कुणीतरी शिवायला टाकलेला आणि न्यायला कधीच न आलेला एक ओव्हरकोट माझ्यावर अडकवला गेला. तीन वर्षं मी त्या काळ्या अस्तराआड काढली. त्या दिवसांविषयी मला फारसं सांगवत नाही.

कोट काढला तो मास्तरांच्या लेकीने. ती लिफ्टची दुरुस्ती करते. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात लोखंडी दोरांशी झटापट करते, त्यामुळे मनगटात बळ आणि डोक्यात हिशोब दोन्ही आहे. तिने बापाची सायकल उतरवली, ब्रेक बदलले, चाकांचे आरे कसले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आता आईच्या स्टुलावर बसा." मास्तर बसले. पुन्हा टाचण्या आल्या, लाल धागा आला, पोतडीतून माझा भाऊ बाहेर आला. मास्तर पुन्हा शिट्टी वाजवायला लागले. सहा वर्षांत लेकीने बापाच्या सगळ्या फेऱ्या करून टाकल्या.

एक सोडून. माझ्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक लांबलचक धार, म्हणजे डोंगराचा अरुंद कणा, आहे. तिच्यावर निळी शाई औषधालाही नाही. लोक तिला कोरडी धार म्हणतात. मास्तरांनी त्या धारेवर आयुष्यात एक टाचणी टोचली नव्हती.

"पाण्याशिवाय मी बेत करत नाही," ते म्हणाले.

"मी आठ लिटर घेऊन जाईन."

"आणि पडलीस तर? तिथे फोन लागत नाही. दिवसभरात चिटपाखरू फिरकत नाही."

"बाबा, मी काय लहान आहे?"

"तसं मी म्हटलंच नाही. मला ती धार नको वाटते, एवढंच."

मास्तरांचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. लेकीने मान डोलावली आणि रविवारसाठी खालच्या दरीच्या रस्त्यावर लाल धागा लावला. मला वाटलं, विषय मिटला.

दोन दिवसांनी संध्याकाळी मास्तर कपडे पोचवायला गेले असताना ती माझ्यापुढे आली. तिने दरीच्या रस्त्यावरचा लाल धागा सोडवला आणि कोरड्या धारेवर एकामागून एक अठ्ठावीस टाचण्या टोचल्या. मला प्रत्येक कळली. धागा फिरवला, ताणला, मोजला. तास काढले, चौथा हिस्सा माया सोडली, मागे फिरायची वेळ ठरवली. सगळं तिने भावाच्या मेणावर लिहून घेतलं. मित्रांनो, बेत उत्तम होता. मास्तरांनी केला असता तर याहून चांगला झाला नसता. मग तिने टाचण्या उपटल्या, भोकं नखाने दाबून बुजवली आणि धागा होता तसा दरीत लावून ठेवला. "उगाच त्यांच्या जिवाला घोर नको," ती स्वतःशीच म्हणाली. तिच्या आवाजात लबाडी नव्हती. बापावरच्या प्रेमानेच ती माझ्याकडून खोटं वदवून घेत होती, आणि मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती निघाली. मास्तरांनी माझ्यावर बोट ठेवून विचारलं, "या दरीनेच ना?"

"हो बाबा. सहापर्यंत येते. आठला फोन करा."

मास्तर दिवसभर शिवत होते आणि मधून मधून मान वर करून दरीकडे बघत होते. आत्ता ओढ्यापाशी असेल. आता चढ लागला असेल. मी त्यांना काय सांगणार होतो? सहा वाजले. सात वाजले. आठच्या ठोक्याला त्यांनी फोन केला, आणि न अडखळता दरीचा सगळा रस्ता वळणासकट सांगितला. शोधपथक लगेच निघालं. रात्रभर त्यांनी ती दरी पिंजून काढली.

सकाळी नऊला पथकाचा प्रमुख खोलीत आला. त्याच्या बुटांना दरीतला चिखल होता. "मास्तर, दरीत चाकाचा एक ठसा नाही. ती या रस्त्याने गेलीच नसेल."

"माझी लेक खोटं सांगत नाही."

"मग तुमचा हा नकाशा द्या. त्यावरून माझ्या माणसांना भाग वाटून देतो, सगळीकडे बघतो."

मास्तरांनी दरीवरचा धागा आणि टाचण्या काढल्या, मग माझ्या चार कोपऱ्यांच्या टाचण्या काढल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी भिंतीपासून सुटलो. गुंडाळण्याआधी त्यांनी मला दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरलं. काही शोधायचं म्हणून नव्हे. कुठलंही कापड हातात आलं की ते आधी उजेडाकडे धरून बघतात, तशी हाताला सवयच आहे. माझी जुनी भोकं धुळीने केव्हाच बुजली होती, आणि दरीतली नवी भोकं तर दिसणारच होती. पण वरच्या डाव्या कोपऱ्यातून, कोरड्या धारेच्या बरोबर माथ्यावरून, उजेडाचे बारीक ठिपके ओळीने आत आले. मास्तरांनी त्यांवरून बोट फिरवलं. माझ्या पाठीकडून त्यांच्या बोटाला नुकत्याच टोचलेल्या कागदाचे खडबडीत कंगोरे लागले.

"ही शिवण उसवलेली आहे," ते म्हणाले.

प्रमुखाला काही समजेना.

"इथे टाके घातले होते आणि मग काढलेत. नवे आहेत. ती धारेवर आहे." एवढं बोलून ते स्टुलावर बसले. मला त्यांनी प्रमुखाच्या हातात दिलं.

दुपारी बाराला ती सापडली. आदल्या दिवशी चार वाजता उतारावर पुढचं चाक कपारीत अडकून ती पडली होती आणि निसटलेला एक धोंडा तिच्या पोटरीवर येऊन बसला होता. बरोबर नेलेल्या पाण्याने तिला जगवलं. भाऊ तिच्या हातात होता. रात्री वाऱ्याने तो उडून गेला आणि धारेखाली कुठेतरी पडला. तो परत आला नाही. डॉक्टरांनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं की रात्री दहा-अकरापर्यंत ती हाती लागली असती तर पाय वाचला असता. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

मास्तर दवाखान्यातून घरी आले ते थेट यंत्रावर बसले. त्यांनी लेकीच्या तीन विजारी घेतल्या आणि प्रत्येकीचा डावा पाय मापाने कापून, कडा दुमडून, नीट टीप मारली. मी पुन्हा फळीवर होतो. मला ते बघावं लागलं.

महिन्याने ती घरी आली. कुबड्या भिंतीला टेकवून माझ्यासमोर बसली. मास्तर सुईत दोरा ओवत होते.

"बाबा, रागवा तरी."

"बेत चांगला होता तुझा. पाणी बरोबर, वेळ बरोबर. माझ्यापेक्षा चांगला बेतलास."

"मग?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही घाबरला असता."

मास्तरांनी सुई खाली ठेवली. "घाबरलोच असतो. पोरी, ते माझंच काम आहे. तू सायकल चालवायची, मी इथे बसून घाबरायचं. तुझ्या आईने जन्मभर तेच केलं. तू माझं काम काढून घेतलंस, आणि मी रात्रभर चुकीच्या दरीसाठी घाबरत बसलो."

लेक रडली. मास्तरही रडले. मी दोघांना रडताना पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली, जरी माझा त्यात काही इलाज नव्हता.

आता लेक नकली पाय लावून पुन्हा सायकल चालवते. फेऱ्या लहान असतात आणि धागा वीतभरच लागतो. निघताना ती माझ्यासमोर उभी राहते आणि बापाला सगळा रस्ता सांगते. कधी तो अवघड असतो. मग मास्तरांचा चेहरा उतरतो, ते एखादा शब्द बोलतात, वाद होतो, आणि तरी ती जाते. मास्तर स्टुलावर बसतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, धूळ पुसा, अडगळीत टाकू नका. मी तसं काही मागत नाही. माझा कागद पिवळा पडलाय, वरचा डावा कोपरा सुटत आलाय, माझं व्हायचं ते होईल. तुम्ही लांब जा. अवघड डोंगर निवडा, नीट मोजा, पाणी घ्या, वेळेला माया सोडा. पण घरी ज्याला मागे ठेवून जाता, त्याला खरा रस्ता सांगून जा. तो घाबरेल. घाबरू द्या त्याला. फक्त कुठे बघून घाबरायचं, एवढं त्याला खरं कळू द्या.