उलटा लावलेला सग्वारो

मित्रांनो, वाळवंटात दुरून पाहिले तर हात वर करून उभा राहिलेला माणूस वाटावा, असा मी एक जुना सग्वारो आहे. सग्वारो म्हणजे निवडुंगाच्या घराण्यातला उंच भाऊ. ॲरिझोना आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला, तर आम्ही फारसे कुठे आपणहून उगवत नाही.

माझा जन्म एका टेकडीवर, काटेरी झाडाच्या सावलीत झाला. पहिल्या दहा वर्षांत मी तुमच्या अंगठ्याएवढा झालो. पहिला हात फुटला, तेव्हा पाऊणशे वर्षांचा होतो. पाऊस पडला की पाणी पिऊन अंगाच्या चुण्या फुगवायच्या आणि पुढच्या पावसापर्यंत ते पुरवायचे, हे आमचे काम. उन्हाळ्याच्या तोंडाशी डोक्यावर पांढरी फुले येत, मग लाल फळे. सुतारपक्षी अंगात भोके पाडून संसार थाटत. मी कधी तक्रार केली नाही.

आमच्या कातडीचे मात्र सांगितले पाहिजे. दक्षिणेची बाजू जन्मभर ऊन खाऊन राठ होते. उत्तरेची बाजू कोवळीच राहते.

२००१ साली माझ्या टेकडीवर घरे बांधायचे ठरले आणि बुलडोझर आले. माझ्या आसपास चाळीसएक सग्वारो होते. ते एकेक करून माझ्या देखत आडवे झाले. मी पाच हातांचा, देखणा, म्हणून बिल्डरने मला एका बोटॅनिकल गार्डनला भेट द्यायचे ठरवले. एका म्हाताऱ्या मेक्सिकन कामगाराने माझ्या दक्षिण अंगाला लाल चिंधी बांधली. मग माझी मुळे तोडली, मला जुन्या गालिच्यांत गुंडाळले आणि क्रेनने ट्रकवर निजवले.

बागेत खड्डा तयार होता. म्हातारा चिंधीवर बोट ठेवून म्हणाला, "ही बाजू दक्षिणेलाच पाहिजे."

"मग दोन हात मागे लपतात," बिल्डरचा माणूस म्हणाला. "फाटकातून आल्याबरोबर पाचही दिसायला हवेत. लोक फोटो काढतील."

त्यांनी मला अर्धा फेरा फिरवून लावले. म्हाताऱ्याने चिंधी सोडली आणि खिशात घातली. पुढचे कामही त्याला याच माणसाकडून मिळायचे होते. माझ्या पायाशी पितळी पाटी बसली: "वाचवलेला सग्वारो". त्याखाली बिल्डरचे नाव.

पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. दर शनिवारी सकाळी गाइडच्या मागून पंधरा-वीस माणसे टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन येत आणि माझ्यापाशी थांबत. उन्हाने माझी कोवळी बाजू पिवळी पडू लागली होती, पण ती फाटकातून दिसत नव्हती. आमच्या पोटात इतके पाणी असते, की आम्ही मरायला लागलो तरी ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

२००३ मध्ये ज्ञानदा गाइड म्हणून आली. पूर्वी ती नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. नवरा ऋषी सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याच्या व्हिसावर ती या देशात आली, आणि त्या व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नसे. बिनपगारी सेवा मात्र चाले. तिच्या गळ्यात निळा बिल्ला असे. ती लोकांना माझ्या चुण्या मोजायला लावी, पाणी कुठे साठते ते चित्र काढून दाखवी. तिच्या फेरीतली माणसे घड्याळाकडे बघत नसत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, फेरी संपल्यावर, ती मागच्या बाजूला आली. सोबत सात वर्षांची मुलगी हिमानी होती. ज्ञानदाने होकायंत्र काढले आणि माझ्या शेंड्याकडे पाहिले.

"फुलं जास्त करून पूर्वेकडे येतात," ती म्हणाली. "याच्या जुन्या फुलांच्या खुणा पश्चिमेला आहेत. याला उलटा लावलाय गं."

"सो टर्न इट बॅक," हिमानी म्हणाली.

"आता नाही फिरवता येत. मुळं पुन्हा तोडावी लागतील. पण सावली करता येईल."

स्वयंसेवकांची प्रमुख होती मार्जरी, सत्तरीची, मऊ बोलणारी बाई. ज्ञानदाने तिला जळकी बाजू दाखवली आणि सावलीचे कापड मागितले. "तू किती मनापासून काम करतेस," मार्जरी म्हणाली. "पण फोटोत ते कापड कसं दिसेल?" महिना गेला. जून आला. तेव्हा एका सकाळी ज्ञानदाने घरून आपली जुनी सुती साडी आणली, दोन काठ्या रोवल्या आणि माझ्या पाठीमागे ताणून बांधली. तीन वर्षांत माझ्या त्या अंगाला पहिल्यांदाच सावली मिळाली. दुपारपर्यंत बागेची माणसे आली आणि त्यांनी ती काठ्यांवरून उतरवली. साडी नीट घडी करून, कागदी पिशवीत घालून, तिच्या हातात दिली गेली.

त्या शनिवारी तिने बागेच्या जुन्या नोंदींत सापडलेले खरे सगळ्या फेरीसमोर सांगितले. टेकडीवर चाळीस होते, एक आणला, आणि तोही उलटा लावला. फेरीत बिल्डरच्या ओळखीचे कोणी तरी होते. आठवड्यात मार्जरी एक छापील कागद घेऊन आली. "एक तर हे लिहिलंय तेवढंच बोल, नाही तर बिल्ला परत दे."

ऋषी तिला न्यायला आला, तेव्हा दोघे माझ्याजवळ उभे होते.

"यार ज्ञानदा, जाऊ दे ना. ग्रीन कार्डची प्रोसेस चालू आहे. आत्ता कंप्लेंट नको."

"मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही. पण त्याचा उपयोग काय?"

तिने कागद घडी करून पर्समध्ये घातला. "इथे मला कोणी तरी बॉटनिस्ट म्हणतं, ऋषी. घरी मी नुसती डिपेंडंट आहे."

पुढच्या शनिवारी तिने कागद वाचला. 'या सग्वारोला एका उदार बिल्डरने जीवदान दिले.' आवाज स्वच्छ होता. लोकांना तिने माझ्या हिरव्या बाजूला उभे केले होते.

"यू सेड इट वॉज राँग," हिमानी म्हणाली.

"हळू बोल," आई म्हणाली.

मित्रांनो, बिल्डरचा मला इतका राग आला नव्हता. त्याला कातडी कळत नव्हती. हिला कळत होती. चार वर्षे ती दर शनिवारी आली आणि चार वर्षे तिने तोच कागद वाचला. हळूहळू पाठ झाला, मग कागद आणणेही तिने सोडले. ती मागच्या बाजूला पुन्हा कधी आली नाही. हिमानी तर बागेत यायचीच बंद झाली.

२००८ च्या वसंतात माझा एक हात गळून पडला. मागची बाजू काळी पडली, तिच्यातून पाणी गळू लागले, आतल्या लाकडाच्या बरगड्या दिसू लागल्या. बागेच्या माणसाने माझ्याभोवती नारिंगी फीत बांधली. तोडायच्या झाडाला ती बांधतात. त्याच सुमारास ऋषीची नोकरी गेली. ग्रीन कार्ड आलेच नव्हते. नोकरीबरोबर व्हिसाही गेला आणि घर आवरून नागपूरला परतायचे ठरले.

शेवटच्या फेरीत ज्ञानदा माझ्यापाशी थांबली. आता मला हिरवी बाजू उरलीच नव्हती. एका वयस्क बाईने विचारले, "याला काय झालं हो?"

कागदात याचे उत्तर नव्हते. बिल्ला दुपारी परत द्यायचाच होता. कोणी तिचे काही काढून घेऊ शकत नव्हते. मी वाट पाहत होतो.

"वय झालं त्याचं," ज्ञानदा म्हणाली, आणि फेरी पुढे नेली.

फाटकापाशी मार्जरीने तिला मिठी मारली आणि सांगितले, की आजवरची सर्वांत चांगली गाइड तूच. ज्ञानदा रडली. मला रडता आले नाही, पाणी आधीच गळून गेले होते.

माझे वय झालेले नाही. आमच्यात दीडशे, कधी दोनशे वर्षे जगतात. मी जेमतेम एकशे दहाचा आहे.

सोमवारी मला कापणार आहेत. पाटी तशीच ठेवायची आहे. कुठे तरी रस्ता रुंद होतो आहे, तिथला दुसरा सग्वारो माझ्या खड्ड्यात यायचा आहे. मित्रांनो, तुम्ही कधी त्या बागेत गेलात, तर फोटो काढण्याआधी त्याच्या मागे जाऊन या. तिथे जे दिसेल, ते गाइडला सगळ्यांसमोर विचारा. तिने वय झाले असे सांगितले, तर पुन्हा विचारा.