रिठदचे गोचीड

गोजराबाईंनी राखीच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि तिला कालवडीपासून मागे सारलं.

“मागच्या साली नेले थे बस झाले. त्याचं काय झालं, थे सांग आदी.”

विद्यापीठातून आलेली राखी जागीच थबकली. गेल्या उन्हाळ्यात तिच्याच चमूने रिठदमधल्या या गोठ्यातून गोचीड गोळा केले होते. पोरांच्या चिमट्यात ते तुटत, म्हणून गोजराबाईंनीच गाईच्या कानामागून एकेक सोडवून बाटलीत टाकला होता.

“काम झालं, आजी. त्यांच्या जनुकांची माहिती आम्ही सगळ्या जगासाठी कॉम्प्युटरवर ठेवली. कुठल्या गावचा गोचीड कोणत्या औषधाने मरत नाही, ते त्यातून कळतं.”

“मंग मले काहून नाई कळलं? दसऱ्याले गाय मेली माही, गोचीडतापानं. रगत मुतून मुतून मेली.”

राखीने गव्हाणीच्या कडेवर लॅपटॉप उघडला. नोंद सापडली. नेहमीच्या फवारणीने हे गोचीड मरत नाहीत, असं त्यात स्पष्ट होतं. गावाच्या जागी मात्र तालुक्याचं रिसोड होतं.

“आम्ही तिथे लॉजवर उतरलो होतो,” ती हळूच म्हणाली. “संध्याकाळी तिथेच बसून नोंदी भरल्या. जागा मोबाइलने आपोआप घेतली असणार. या गोचिडांवर चालणारं दुसरं औषध मग सरकारी दवाखान्याने तिकडेच वाटलं.”

“रिसोडच्या लॉजात गाई बांधतेत काय वं?”



चौदाव्या वर्षी गोजराबाई या घरात आल्या, तेव्हापासून गोठा त्यांचा होता. इथे व्यालेल्या प्रत्येक गाईचं नाव त्यांना आजही ओळीने सांगता आलं असतं. पण गाय मेली आणि त्यांचा मुलगा पुंजाजी बाजारात, सोयऱ्यांत, पंगतीत सांगत सुटला, बुढीनं औषधात पाणी जास्त टाकलं. चार महिने त्यांना गोठ्यात यायची बंदी होती. तो वावरात गेला होता, म्हणून आज त्या इथे उभ्या होत्या.

“दुरुस्त कर.”

“आमचे सर चिडतील, आजी. या नोंदींवर त्यांचा लेख छापून आलाय.”

“माही गाय गेली, अन् तुह्या सरले लेखाची पडली? लिव्ह. रिठद.”

राखीने दुरुस्तीचा अर्ज उघडला. गाव लिहिलं. पुढे थांबली.

“कारण विचारतंय.”

“लिव्ह ना. लॉजात बसून लिवलं होतं.”

राखीने तेच लिहिलं. अर्ज पाठवून तिने विचारलं, “फवारा किती पाण्यात केला होता?”

“लिटरभर पान्याले दोन मिली. डाक्टरनं सांगतलं तसा.”

“बरोबर होता.”

“काय बरोबर होता?”

पुंजाजी दारात उभा होता. डोक्यावर कडब्याची पेंढी तशीच. आईकडे न पाहता त्याने राखीलाच विचारलं होतं.

“औषध, काका. पाण्यात चूक नव्हती. इथले गोचीडच त्या औषधाने मरत नाहीत.”

त्याने पेंढी खाली टाकली. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“मले कोनी सांगतलं नाई.”

“म्या सांगतलं होतं, माप बरोबर होतं म्हनून,” गोजराबाई म्हणाल्या.

कालवडीने मान झटकली. गोजराबाईंनी चिमटा राखीला परत दिला, बोटं लुगड्याला पुसली आणि वाकल्या.

“कान धर तिचा,” दाराकडे न पाहता त्या मुलाला म्हणाल्या.

पुंजाजी आत आला.