नकाशावरचा थांबलेला ठिपका

सभागृहातल्या पडद्यावर इक्वाडोरमधल्या ग्वायाकिल शहराच्या दक्षिणेकडची खाडी उजळली आणि तिच्या काठाने एकेक करून हिरवे ठिपके उमटू लागले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक शाळकरी मूल. समोर बसलेले स्पर्धेचे परीक्षक खुर्चीत पुढे सरकले, तेव्हा कुठे सोरायदाचा जीव भांड्यात पडला. तिने आणि इतालोने वर्षभर खपून घडवलेलं ॲप आज चारचौघांसमोर चालून दाखवत होतं.

'ओरिया' त्याचं नाव, म्हणजे काठ. खाडीलगतच्या तीन शाळांतली चाळीस मुलं ते वापरत होती. समुद्र वर्षागणिक वस्तीत शिरत होता, आणि त्याला अडवायची ताकद होती ती खारफुटीच्या तिवरांत. तिवराचं रोप लावायचं, फोटो पाठवायचा, गुण मिळवायचे. एक दिवस चुकला की फोनवरचं तुमचं रोप मान टाकायचं. ती सुकणारी पानं सोरायदाने स्वतः काढली होती. मुलांना घरी बसूच देणार नाही असं काहीतरी हवं, हा तिचाच हट्ट.

"आता बघा हं गंमत," इतालो माइकवर म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. पडद्यावर आणि मुलांच्या फोनवर उलटं मोजणारं घड्याळ सुरू झालं. "एका तासाचं आव्हान! आपल्या रोपापाशी जा, पाणी किती चढलंय ते मोजा. दुप्पट गुण!"

सोरायदा त्याच्याकडे बघतच राहिली. हे ठरलेलं नव्हतं.

ठिपके हलले. बहुतेक काठाकाठाने गेले. एक मात्र सरळ खाडीत घुसला आणि चिखलाच्या पट्ट्यावरून पलीकडच्या तिवरांकडे निघाला. त्यावर नाव होतं लिसबेथ. चौदा वर्षांची ही पोर सहा आठवडे गुणांच्या यादीत पहिली होती.

"ही आमची वाघीण!" इतालो ओरडला. टाळ्या पडल्या.

सोरायदाचा बाप जन्मभर त्याच खाडीत खेकडे पकडत आला होता. काल पौर्णिमा झाली, म्हणजे आज उधाण. अडीच वाजले होते. ओहोटी संपून पाणी भरतीला फिरल्याला तास होत आला असणार.

ठिपका थांबला. दोन मिनिटं गेली, पाच गेली.

"फोटो काढत असेल," इतालो पुटपुटला.

"फोटो आलाय का?"

"येईल गं."

"ती रुतलीय, इतालो. फोन लाव तिला."

"कुठून लावू? मुलांचे नंबर आपण ठेवत नाही. नको म्हणून तूच भांडली होतीस."

खरं होतं ते. मुलांच्या सुरक्षेसाठीच तिने तो नियम केला होता. ॲप मुलांना हाक मारू शकत होतं, पण मुलाने हाक मारायची म्हटली तर त्यात एक बटणसुद्धा नव्हतं.

"मग निदान हे बंद कर."

"दहा मिनिटं, सोरा. प्रश्न विचारताहेत ते. फक्त दहा मिनिटं."

ती बोलत बसली नाही. बाहेर पळाली आणि टॅक्सीत बसल्या बसल्या फोनवरून सगळ्यांना निरोप धाडला: आव्हान रद्द, ताबडतोब मागे फिरा. ठिपके फिरले. एक जागचा हलला नाही. मदतीच्या नंबरवरून कळलं, बोट निघेल, पण पाऊण तास लागेल.

धक्क्यावर डॉन एउसेबियो जाळं दुरुस्त करत बसले होते. तिच्या बापाचे जुने जोडीदार.

"होडी काढा! एक मुलगी चिखलात अडकलीय."

त्यांनी फोनवरचा ठिपका पाहिला, मग पाणी पाहिलं. "तिथं या वेळी आम्हीसुद्धा जात नाही. कुणी पाठवलं तिला?"

"मी," सोरायदा म्हणाली.

म्हाताऱ्याने एक लांब फळी होडीत टाकली आणि इंजिनाची दोरी ओढली.

चिखलाच्या पट्ट्याचं आता नावनिशाणही दिसत नव्हतं. तिवरांजवळ आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी रेटायला सुरुवात केली. तेवढ्यात ठिपका विझला.

"गेला!" सोरायदाने फोन त्यांच्यापुढे धरला.

"अगं, तोंड आहे ना तुला? हाक मार!"

ती बेंबीच्या देठापासून ओरडली. तिसऱ्या हाकेला मुळांच्या जाळीतून बारीकसं उत्तर आलं. लिसबेथ कमरेपर्यंत चिखलात होती, पाणी छातीला लागलं होतं, आणि बंद पडलेला फोन तिने दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता.

"धडपडू नकोस, पोरी," डॉन एउसेबियो शांतपणे म्हणाले. "पाठीवर निजल्यासारखी मागं रेल. फोन टाक तो."

तिने टाकला नाही. सोरायदा फळीवर पालथी पडली, मुलीच्या काखेत हात घालून ओढू लागली. पाणी हनुवटीशी आलं. एक पाय सुटला. दुसरा बुटासकट अडकून बसला होता. म्हातारा चिखलात हात खुपसून बूट सोडवत राहिला. शेवटी बूट तिथंच राहिला आणि पोर वर आली.

होडीत तिचे दात वाजत होते. "मिस, फोटो गेलाच नाही. माझं रोप सुकलं का हो?"

सोरायदाने मुलीला घट्ट धरून ठेवलं.

धक्क्यावर लिसबेथची आई बातमी ऐकून धावत आली होती, कोळंबीच्या कारखान्यातली टोपी तशीच डोक्यावर. तिने पोरीला चाचपून पाहिलं आणि मग सोरायदाकडे वळली.

"फोनवरचं ते घड्याळ तुमचंच ना?"

"माझंच, सेन्योरा."

"कधी अंगात ताप असतानाही गेलीय ती. मी म्हणायचे, चांगलं काम आहे, जाऊ दे. तुम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, हे लेकरू रोज धावतंय कशासाठी?"

इतक्यात इतालोचा फोन आला. "सोरा, जिंकलो आपण! त्यांना ते आव्हानच सगळ्यात आवडलं!"

"मुलगी जिवंत आहे. तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते."

तिने फोन ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी तिने घड्याळ, यादी आणि ती सुकणारी पानं काढून टाकली. परीक्षकांना घडलं ते सगळं लिहून कळवलं. बक्षीस दुसऱ्यांना गेलं. इतालो दोन आठवडे तिच्याशी बोलला नाही. मग एका शनिवारी गुडघ्यापर्यंतचे बूट घालून मुकाट्याने धक्क्यावर हजर झाला.

चाळीसपैकी नऊ मुलं उरली होती. लिसबेथही आली, रिकाम्या हाताने. "आईने फोन काढून घेतलाय," ती म्हणाली आणि सगळ्यांना काठाकाठाने आपली रोपं दाखवायला घेऊन गेली. तिने लावलेल्या एक्केचाळीस रोपांपैकी सात जगली होती.

"फोटोत छान दिसतील तिथं लावली होती मी. डॉन एउसेबियो म्हणतात, इथं लाट त्यांना उभंच राहू देत नाही."

सोरायदा त्या वाळक्या काड्यांकडे पाहत खाली बसली. त्यांचेही गुण ॲपने भरभरून दिले होते. "मग कुठं लावायची?"

"तिकडं, वळणाच्या आतल्या बाजूला. पण ओहोटी पुरती लागल्यावरच जायचं. आणि मिस, आज पुढं तुम्ही चालायचं."

पाणी उतरायला अजून बराच अवकाश होता. कुणीतरी तळलेल्या केळ्यांची पिशवी उघडली आणि सगळे परत येऊन धक्क्यावर पाय सोडून बसून राहिले.