साडूचा कप

गळाने मासे पकडायच्या स्पर्धेत यंदा माझ्या साडूने कप मारला. मासा केवढा? वीतभर! तो हातात धरून फोटो काढताना स्वारीची छाती अशी फुगली होती, जणू देवमासाच ओढून आणलाय.

"तुम्हीही त्याच खडकावर बसता ना?" बायको म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माळ्यावरून मी तरुणपणीचा स्पर्धेचा फोटो काढला आणि तिच्यापुढे आपटला. त्यात पहिला आलेला मासा दोघांनी मिळून उचलला होता. कोपऱ्यात मी गळाला आमिष लावत होतो.

"बघ! असले वीतभर मासे तेव्हा आम्ही आमिषाला वापरायचो. आता समुद्रात उरलंय काय?"

तिने फोटो नीट निरखला.

"एवढा भरलेला समुद्र होता," ती म्हणाली, "मग तेव्हा तुम्हाला का नाही मिळाला कप?"