तातेरावांच्या गच्चीवरचा डबा

"बंद करून चालू केलं का?" कडूबानं दारात चपला काढता काढताच विचारलं.

"तीनदा केलं काका," राजनंदिनी म्हणाली. "लॅपटॉप वायफायला लागतो, खूणसुद्धा पूर्ण दिसते. पण एक वेबसाइट उघडेल तर शपथ. काल दुपारपर्यंत तर बराबर चालू होतं."

कडूबाचा पहिलाच बाण वाया गेला. वाटुरातली निम्मी दुखणी तो या एका प्रश्नावर बरी करत असे. आधी त्यानं गणपतीत लाऊडस्पीकर लावले, मग छतावर डिशच्या छत्र्या बसवल्या, मग केबल ओढली, आणि गेली सहा वर्षं तो गावाला इंटरनेट देत होता. शिक्षण दहावी नापास. जे काही आलं ते दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावून आलं. पण बिघाड तसाच ठेवून तो कोणाच्या घरातून परतला, असं कधी झालं नव्हतं, आणि या एका गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. बायको नंदाबाई म्हणायची, तुम्हाला दुसरं कशाचं कौतुक तरी कोण करणार!

समोरच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडा होता. राजनंदिनीनं इस्त्रीची साडी नेसली होती, केस घट्ट बांधले होते, पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून भिंत मोकळी केली होती. बारा वाजता पुण्याच्या एका कंपनीची परीक्षा होती. कॅमेरा चालू ठेवून, घरून द्यायची. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

"बारा दहापर्यंतच आत घेतात," ती म्हणाली. "मोबाइलवर ती उघडतच नाही, लॅपटॉपच लागतो म्हणतात."

कडूबा खुर्ची ओढून बसला. तारीख-वेळ बघू लागला तर ती म्हणाली, बघितली. वायफाय विसरून परत जोडावं म्हणाला तर ती म्हणाली, जोडलं. डीएनएस बदलू या का, असं त्यानं जरा भाव खात विचारलं, तर तेही तिनं सकाळीच करून पाहिलं होतं. पोरगी जालन्याची, बीएस्सी झालेली. लग्न होऊन या घरात आली त्याला दोन वर्षं झाली. नवरा सूरज चाकणला कारखान्यात होता, चार पोरांच्या खोलीत राहत होता. हिला नोकरी लागली तर दोघं मिळून वेगळी खोली घेणार होते. हे सगळं तिनं न विचारताच सांगितलं, कारण माणूस घाबरला की बोलतो.

"मोबाइल चालतो ना या वायफायवर?"

"सगळे चालतात. टीव्हीपण चालतो. हाच तेवढा नाही."

आता कडूबाला जरा बरं वाटलं. एकच यंत्र अडतं म्हणजे दोष एक तर त्या यंत्रात, नाही तर राउटरमध्ये. त्यानं स्वतःच्या मोबाइलवर राउटरचं पान उघडलं. घरातल्या यंत्रांची यादी आली. चार मोबाइल, टीव्ही. आणि खाली, बंद केलेल्या यंत्रांच्या रकान्यात एकच ओळ होती, नुसते आकडे आणि अक्षरं.

कडूबाची ट्यूब तेव्हा पेटली. ती ओळ तिथं त्यानंच टाकली होती.

काल संध्याकाळी तो गच्चीवरच्या नेटच्या डब्याची बॅटरी बदलायला आला होता. राजनंदिनीचे सासरे तातेराव मागोमाग वर आले. गावभर त्यांना तात्या म्हणतात. "आपल्या वायफायवर कोण कोण चढलंय, दाखव बरं," म्हणाले. त्यानं यादी दाखवली. मोबाइल, टीव्ही कोणते ते त्यानं सांगितलं; उरलेल्या त्या ओळीवर तात्यांनी बोट ठेवलं. "हे शेजारचं पोरगं है. पासवर्ड चोरून वापरून राह्यलं. बंद कर." कडूबानं बंद केलं. कोणाचं, कशाला, काही विचारलं नाही. तात्यांना विचारायची पद्धत गावात नव्हतीच.

त्यातून कडूबाला तर मुळीच नव्हती. वाटुरात इंटरनेट यायचं ते तात्यांच्या गच्चीवरून. घर गावात सगळ्यात उंच, म्हणून इंटरनेटच्या कंपनीनं मुख्य डबा तिथं ठोकला होता. वीज त्यांच्याच मीटरची. बदल्यात त्यांना वायफाय फुकट. तिथून त्रेचाळीस घरांना वायरी गेल्या होत्या आणि त्या त्रेचाळीस घरांवर कडूबाचं घर चाललं होतं. मागं एकदा तात्या रागावले तेव्हा त्यांनी डब्याचं बटण अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. त्या अर्ध्या दिवसात कडूबानं गावच्या इतक्या शिव्या खाल्ल्या की रात्री त्याला जेवण गेलं नव्हतं.

तरी तो उठून ओसरीवर आला. चूक झाली होती, ती सांगितली की संपलं, असंच त्याला वाटत होतं.

"तात्या," तो हळू आवाजात म्हणाला, "काल तुम्ही जे बंद कराया लावलं ना, ते शेजारच्याचं न्हाई. ह्यो वहिनीचाच लॅपटॉप है."

तात्या अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. हात थांबला नाही.

"मंग?"

"मंग म्हंजे... चालू करून देतो. बारा वाजता परीक्षा है त्यांची."

"मला म्हाईत न्हाई व्हय?" तात्यांनी सुपारी तोंडात टाकली. "पास झाली की चालली पुण्याला. आत म्हातारी वर्षभरापासून पडून है. तिचं हागणं-मुतणं कोण काढंल? तू येतो का?"

आतल्या खोलीत तात्यांची बायको तुळजाबाई कण्हत होत्या. कडूबानं आवाज आणखी उतरवला.

"सूरजसंग बोला की तात्या. काही तरी मार्ग निघंल."

"सूरजनंच तिला फॉर्म भराया लावला. मी न्हाई म्हणलो तर मी वाईट होतो. मशीननं न्हाई म्हणलं तर कोणीच वाईट होत न्हाई." तात्या थोडे पुढं वाकले. "अन् कडूबा, अवंदा गच्चीवर पत्रे टाकायचे है मला. तो तुझा डबा कुठं हलवायचा, ते बघून ठेव."

झालं. याहून जास्त काही बोलायची गरज नव्हती. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे कडूबाला लहानपणापासून पाठ होतं. फक्त टाळी इतकी जड लागेल याची कल्पना नव्हती.

तो आत गेला. पावणेबाराला पाच कमी होते.

"वहिनी, लॅपटॉपचं कार्ड गेलंय. जालन्याला न्यावा लागंल."

"कार्ड गेलं असतं तर वायफायला लागलाच नसता काका," राजनंदिनी म्हणाली.

खरंच होतं.

"बरं, राहू द्या. तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट देता का तासभर? माझ्या मोबाइलला रिचार्ज नाही. घरात वायफाय है तर कशाला, म्हणून मामंजींनी मागच्या महिन्यात बंद केलं. परतूरच्या नेट कॅफेत जायचं तर बारा रस्त्यातच वाजतील."

साधी गोष्ट होती. एक बटण दाबायचं. ओसरीवर बसलेल्या माणसाला कळलंही नसतं, कदाचित. त्या 'कदाचित'लाच कडूबा भ्याला.

"माझं नेट संपलंय," तो म्हणाला आणि हातातला मोबाइल खिशात घातला.

राजनंदिनीनं त्याच्या खिशाकडं बघितलं.

"नेट विकणाऱ्याचं नेट संपलं?"

तिनं लॅपटॉप मिटला, चार्जर गुंडाळला, दोन्ही छातीशी धरले आणि ओसरीवर आली. "मामंजी, मी शेजारी साळूबाईंकडं बसून पेपर देऊन येते."

"दे की. मी कुठं न्हाई म्हणलो?" तात्या म्हणाले. "पण आधी सासूकडं बघ. कवाची हाका मारून राह्यली, अंथरूण वलं झालंय."

आतून खरोखरच हाक येत होती. म्हातारीचा यात काही दोष नव्हता. राजनंदिनीनं लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवला, पदर खोचला आणि आत गेली.

"बस," तात्या कडूबाला म्हणाले. "कुठं चाललास?"

कडूबा बसला. आतून पाण्याचा आवाज येत होता, बादली सरकत होती, तुळजाबाई "हळू गं माय" म्हणत होत्या. घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवून तो घड्याळाकडंच बघत होता. पावणेबारा. बारा. ती चादर बाहेर टाकून परत आत गेली. बारा पाच. त्याला स्वतःची किळस आली. अंगठा खिशातल्या मोबाइलवर होता, यादी अजून उघडी होती, आणि तो बसून होता. बारा दहा झाले. बारा पंधरा झाले.

"कर आता चालू," तात्या म्हणाले. "दुपारी सूरजचा फोन येतो. त्याला उगं शंका नको."

कडूबानं मोबाइल काढला आणि त्या ओळीवर अंगठा टेकवला.

समोरच्या खोलीत लॅपटॉप टुणटुणला. एकदा, मग लागोपाठ चार-पाच वेळा. कालपासून अडलेलं सगळं एकदम आत आलं. ओल्या हातांनी राजनंदिनी टेबलापाशी आली, बसली नाही. उभ्यानंच तिनं परीक्षेचं पान उघडलं आणि वाचलं. मग तिनं मान वर करून दारातून ओसरीकडं बघितलं. तात्यांकडं नाही, कडूबाच्या हातातल्या मोबाइलकडं.

"झाला का गं सुरू?" तात्यांनी विचारलं. "बघ, आपला कडूबा हुशार है."

तिनं लॅपटॉप उचलला, बाहेर आणला आणि कडूबाच्या मांडीवर ठेवला. इस्त्रीच्या साडीला आता फिनेलचा वास येत होता.

"काका, मामंजींना इंग्रजी येत नाही," ती म्हणाली. "काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा."

"वहिनी, मी..."

"जोरात वाचा. आत आईंनापण ऐकू जाऊ द्या."

पडद्यावर दोनच ओळी होत्या. दहावी नापास कडूबाला त्या सहज वाचता आल्या.

"वेळ संपली है, म्हणतंय," त्यानं वाचलं. "आता आत घेता येणार न्हाई."