सोळावी जागा

उर्वशीने कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा उलटा फिरवला आणि तिची बोटं लाळेने चिकट झाली. पट्ट्याच्या आतल्या बाजूला काडेपेटीएवढी काळी डबी होती, डबीत सिमकार्ड. डबीवर छापलेल्या सिमच्या नंबरचा तिने फोटो काढून घेतला. ब्रूनोने तिच्या सलवारीला नाक पुसलं आणि तो व्हरांड्याच्या थंड फरशीवर पुन्हा आडवा झाला.

“परवा फाटकाबाहेर निघून गेला होता,” कारखान्याचे साहेब वेताच्या खुर्चीतून म्हणाले. “शोधून शोधून आमचा जीव गेला. आता पट्ट्यावरून फोनवर दिसेल कुठे आहे ते. पण मेली रेंजच धरत नाही त्याला. आपल्या नेटवर्कमध्ये घेऊन टाक.”

सरकीच्या तेलाचा हा कारखाना मुकुटबनच्या अलीकडे, दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागी होता. मोठ्या टॉवरची रेंज टेकडीपलीकडेच अडायची. म्हणून कंपनीने साहेबांच्या बंगल्याच्या गच्चीवर डब्यासारखा एक छोटा टॉवर बसवून घेतला होता. तो सगळ्यांसाठी नव्हता. ज्यांचे नंबर त्यात नोंदवलेले, तेवढेच फोन तो आत घेई. बाकीच्यांना त्याच्या अगदी खाली उभं राहूनही ‘फक्त आपत्कालीन कॉल’ एवढीच अक्षरं दिसत. कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे काम कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या उर्वशीकडे होतं.

“जागा नाही, सर. सोळाच बसतात. सोळा भरलेत.”

“मग एखादा काढ.”

“कोणता काढू?”

दारात बाईसाहेब येऊन उभ्या होत्या. “हंसाबाईचा टाकलाय ना तू? मी तेव्हाच म्हणणार होते. मागच्या अंगणात भांडी घासता घासता कानाला फोन. तिचा कप वेगळा, ताटली वेगळी. नेटवर्क तेवढं एक, होय गं?”

साहेब हसले. आपण काहीतरी मजेदार बोललो हे कळून बाईसाहेबही हसल्या.

“तिची मुलगी यवतमाळला दवाखान्यात आहे, सर,” उर्वशी म्हणाली. “दिवस भरलेत, त्यात बीपी वाढलंय. म्हणून मी—”

“दवाखान्यातच आहे ना? मग काळजी कसली?” साहेबांनी वाकून ब्रूनोचं पोट खाजवलं. कुत्र्याने सुखाने पाय वर केले. “आजच करून टाक, हं.”

जमणार नाही, असं म्हणायला उर्वशीने तोंड उघडलं होतं. पण नोकरीत कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर होता, आणि मारेगावला घरी तिच्या पगाराकडे डोळे लागलेले होते. ती “बरं” म्हणाली. स्वतःचा तो शब्द तिला बाहेरून ऐकल्यासारखा वाटला.

ऑफिसात येऊन तिने साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. मग संगणकासमोर बसून तिने हंसाबाईचा नंबर निवडला. नक्की काढायचा का, असं यंत्राने विचारलं. तिने बटण दाबलं आणि रिकाम्या झालेल्या जागी कुत्र्याचा नंबर भरला. समोर ठेवलेल्या चहावर साय धरली. आवारात सदाच पसरलेला पेंडीचा खवट वास त्या चहालाही येतो आहे असं तिला वाटलं. तिने कप खिडकीबाहेर ओतला.

दुपारी हंसाबाईला सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. दुपारी हंसाबाई तिला बंगल्याच्या भिंतीशी दिसली, हातातल्या फोनकडे पाहत असलेली. उर्वशी वळली आणि पेंडीच्या ढिगामागून लांबच्या वाटेने ऑफिसात गेली. दुसऱ्या दिवशीही ती त्याच वाटेने गेली.

त्यानंतरच्या दिवशी तिचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“मॅडम, मी अतुल. हंसाबाईचा जावई. सासूबाईचा फोन लागूनच नाही राह्यला. त्याहिनं तुमचा नंबर देऊन ठेवलता, पण लिवलेला कागद आज सापडला.” त्याचा आवाज बसलेला होता. “प्रियंकाले मुलगी झाली. काल लय बिघडलती तिची तब्येत, झटके आल्ते. आईले बोलवा, आईले बोलवा, हेच करत होती. आम्ही फोन लावून लावून थकलो. आता बरी हाय. दोघीयी बऱ्या हायेत.”

“थांबा. फोन ठेवू नका.”

ती धावतच बंगल्याच्या मागच्या अंगणात गेली. हंसाबाई ब्रूनोला आंघोळ घालत होती. पट्टा काढून भिंतीवर ठेवलेला होता. हंसाबाईचे हात कोपरापर्यंत फेसाने भरलेले. उर्वशीने फोन तिच्या कानाला लावला.

हंसाबाईने ऐकलं. “कवा?” म्हणाली. “झटके?” म्हणाली, आणि खाली बसली. उर्वशीही तिच्यासोबत फोन धरून खाली बसली. मग बराच वेळ हंसाबाई नुसतीच “हाव, हाव” करत राहिली. बोलणं संपलं तेव्हा तिने डोळे दंडाला पुसले.

“मावशी,” उर्वशी म्हणाली, “तुमचा फोन...”

“माह्या फोनले काही झालं नाही. बाईसाहेबानं सांगतलं ना मले त्याच दिवशी. याच्यासाठी जागा पाह्यजे होती म्हणे.” तिने कुत्र्याच्या कानावर हात आडवा धरून डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. “संध्याकाळी टेकडीवर जाऊन जावयाले तुमचा नंबर सांगतला. म्हटलं, मॅडम काही निरोप द्याच्या राहणार नाहीत.”

उर्वशीला तिच्याकडे पाहता येईना. “मी आत्ता जाते,” ती म्हणाली. “माझा नंबर काढते न् तिथं तुमचा टाकते. माझं काही अडत नाही.”

“नोका टाकू.”

“काहून?”

“उद्या सायेब म्हणतीन, तं तुमी पुन्हा काढान.”

हंसाबाईच्या आवाजात राग नव्हता. पाणी गार आहे की गरम ते सांगावं, तसं तिने सांगितलं. ओल्या केसांचा आणि साबणाचा वास अंगणात दाटला होता. ब्रूनोने अंग झाडलं. दोघींच्या तोंडावर पाणी उडालं.

“याचं काय चुकलं,” हंसाबाई म्हणाली. “मुकं जनावर.”

मग तिने मान तिरकी करून कान उर्वशीकडे वळवला. “अजून एकडाव लावता काय फोन? नातीचं रडणं ऐकाचं राहूनच गेलं.”

उर्वशीने नंबर लावला आणि वाकून फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडे कुणी तो उचलेपर्यंत हंसाबाई ओल्या हाताने कुत्र्याला थोपटत होती, त्याने भुंकू नये म्हणून.